गाळाखालच्या भेगा

सुभानपुऱ्यात घराचा पाया खणला तर दगड लागत नाही. बडोद्याचा हा पश्चिमेकडचा भाग सगळा नदीच्या गाळावर वसलेला आहे. तरीही इथल्या जमिनीची गोष्ट दगडापासूनच सुरू करावी लागते. गाळाच्या आणि त्याखालच्या सागरी थरांच्या तळाशी एक काळी फरशी पसरलेली आहे. ती बेसाल्टची आहे. सह्याद्रीचे कडे, रायगडचा टकमक आणि वेरूळची लेणी ज्या लाव्ह्याच्या थरांत आहेत, तोच लाव्हा इथे खाली दबला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो भारतीय भूपट्ट फोडून वर आला. आजही तो ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास उरला आहे, आणि पश्चिम घाटात त्याची जाडी दोन किलोमीटरच्या पुढे जाते.

एवढा शिलारस एवढ्या जाड भूपट्टातून वर कसा आला, आणि येताना त्याने भूपट्टाचे काय केले? या घटनेला साक्षीदार नाही. हाती आहेत ती गेल्या दोनशे वर्षांत लिहिली गेलेली कागदपत्रे. त्यांतली बहुतेक लिहिणाऱ्यांनी या प्रश्नासाठी लिहिलीच नव्हती. कोणी नव्याने हाती आलेल्या मुलखाचा नकाशा करत होता, कोणी संस्थानासाठी खनिजे शोधत होता, कोणी तेलाच्या मागावर होता. म्हणूनच मला ही साक्ष मोलाची वाटते. ज्याला निष्कर्षाची घाई नसते, तो पाहिलेले जसेच्या तसे लिहून ठेवतो.

यातला पहिला पायाभूत कागद १८६९ सालचा आहे. विल्यम टॉमस ब्लॅनफर्ड यांचा तापी आणि नर्मदेच्या खालच्या खोऱ्यावरचा हा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याच्या संस्मरणांच्या सहाव्या खंडात आला. त्याआधी कर्नल साइक्स यांनी १८३३ मध्ये दख्खनच्या ट्रॅपचे, म्हणजे याच लाव्ह्याच्या थरांचे, वर्णन लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेपुढे ठेवले होते. पण साइक्सांची नजर पुणे-नगरच्या पठारावर होती. तिथे दिसतात ते लाव्ह्याचे आडवे थर, म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. लाव्हा कुठून वर चढला हे पाहायचे तर नर्मदेच्या दक्षिणेला राजपीपळ्याच्या डोंगरात जावे लागते, आणि ब्लॅनफर्ड तिथे गेले होते. आडव्या थरांना छेदून उभ्या गेलेल्या दगडी भित्ती त्यांना तिथे विपुल प्रमाणात आढळल्या. शेताच्या बांधासारखी अशी भित्त एका रेषेत मैलोन्‌मैल जाते. दोन्ही बाजूंचा मऊ दगड झिजून जातो आणि ती मधोमध ताठ उभी राहते. ही भित्त म्हणजे शिलारसाची वर येण्याची वाट. तो वाटेतच थिजला की भेगेचा साचा दगडात उरतो.

दुसरी गोष्ट त्यांनी नोंदवली ती जे दिसले नाही त्याबद्दल. एवढ्या लाव्ह्याला शोभतील असे ज्वालामुखीचे शंकू त्यांना कुठे सापडले नाहीत. मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांनी १८७९ मध्ये भारताच्या भूविज्ञानाचा जो मोठा ग्रंथ काढला, त्यात हे चित्र आणखी स्पष्ट झाले. लाव्हा समुद्रतळावर नव्हे तर उघड्या जमिनीवर वाहिला होता, कारण थरांच्या मधल्या पट्ट्यांत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे आणि वनस्पतींचे अवशेष मिळत होते. आणि जिथे भित्तींची दाटी होती, तिथे उद्रेकाचे उगम होते. भूपट्टाची कल्पना तेव्हा कोणाच्या मनात नव्हती, ती यायला आणखी नव्वद वर्षे लागणार होती. तरी भेगांची दिशा आणि दाटी त्यांनी नोंदवून ठेवली, आणि आज आपले सगळे अनुमान त्यावर उभे आहे.

ब्लॅनफर्ड यांच्या १८६९ च्या ग्रंथात पावागडच्या परिसरातल्या जुन्या खडकांना चांपानेरचे नाव मिळाले. पावागड आणि पंचमहाल तेव्हा नुकतेच शिंद्यांच्या हातून गेले होते. १८५३ मध्ये कारभार इंग्रजांकडे आला आणि १८६१ मध्ये मुलूखही. नवा मुलूख म्हणून सर्वेक्षण, आणि सर्वेक्षणामुळे ही नोंद. आपल्या राजकीय इतिहासातली एक अदलाबदल भूविज्ञानाच्या कागदांत अशी उमटली आहे.

बडोदे संस्थानाचा स्वतःचा कागद तीस वर्षांनी आला. रॉबर्ट ब्रूस फूट हे नाव आपल्याकडे अश्मयुगाच्या संदर्भात घेतले जाते. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्यांना हातकुऱ्हाड मिळाली, आणि तिथून भारताच्या प्रागैतिहासाचा अभ्यास सुरू झाला. १८९१ मध्ये सर्वेक्षण खात्यातून निवृत्त झाल्यावर ते सयाजीरावांच्या राज्यात भूवैज्ञानिक म्हणून आले. बडोदे राज्याच्या भूविज्ञानावरचे त्यांचे पुस्तक १८९८ मध्ये मद्रासला छापले गेले, तोवर ते म्हैसूरच्या सेवेत गेले होते.

हे पुस्तक वाचताना एक अडचण सतत जाणवते. गायकवाडांचा मुलूख सलग नव्हता. बडोदे आणि कडी प्रांतांत बहुतेक गाळ, नवसारी प्रांताच्या पूर्वेला सोनगड-व्यारा भागात ट्रॅपचे डोंगर, आणि अमरेली प्रांत तर थेट काठियावाडात. राज्याची हद्द आली की नोंद थांबते, आणि भित्त मात्र हद्द ओलांडून पुढे जाते. म्हणून फूट एकटे वाचून चालत नाही. अमरेलीसाठी शेजारी फ्रान्सिस फेडन यांचा काठियावाडवरचा १८८४ चा संस्मरण उघडा ठेवावा लागतो, सोनगडसाठी ब्लॅनफर्ड, आणि पूर्वेच्या कवांटकडच्या भागासाठी प्रमथनाथ बोस यांचा त्याच वर्षीचा नर्मदा खोऱ्यावरचा ग्रंथ. हे चार कागद शेजारी ठेवले की बडोद्याभोवतीचे चित्र जुळू लागते. मधे गाळाने भरलेला सखल पट्टा, आणि त्याच्या दोन्ही काठांना भेगांनी चिरलेला काळा दगड. पिलाजीराव गायकवाडांनी ज्या सोनगडावरून सत्ता उभी केली, तो याच पट्ट्याच्या पूर्वेकडच्या ट्रॅपच्या मुलखातला.

आता पावागड. बडोद्याहून ईशान्येला पन्नासेक किलोमीटरवर हा डोंगर सपाटीतून एकदम उठतो, आणि विश्वामित्रीचा उगमही तिथलाच. १९०६ मध्ये ल्युइस ली फर्मर यांनी पावागडच्या लाव्ह्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. पावागड वेगळा आहे तो त्याच्या माथ्यामुळे. खाली ऑलिव्हीनने समृद्ध, जड, काळे लाव्हे आहेत, आणि वर रायोलाइट, म्हणजे सिलिकाने भरलेला फिकट दगड. दख्खनच्या ट्रॅपमध्ये एकाच डोंगरात ही दोन टोके अशी एकावर एक फार थोड्या ठिकाणी दिसतात.

या एका डोंगरात शिलारसाच्या प्रवासाचा मधला टप्पा वाचता येतो. प्रावरणात, म्हणजे भूकवचाखालच्या थरात, वितळलेला द्रव भोवतीच्या खडकापेक्षा हलका असतो, म्हणून तो वर सरकतो. पण भूकवचाच्या तळाशी आला की वरचा खडकही हलका असतो आणि चढण अवघड होते. तिथे तो साठतो. साठ्यात ऑलिव्हीन आणि पायरॉक्झीनचे जड स्फटिक आधी तयार होऊन खाली बसतात. उरलेला द्रव हलका आणि सिलिकाने समृद्ध होत जातो, शिवाय त्याच्या उष्णतेने बाजूचे जुने कवचही थोडे वितळून त्यात मिसळते. पावागडच्या पायथ्याचा दगड फारसा न थांबता आलेल्या शिलारसाचा, आणि माथ्याचा दगड वाटेत दीर्घकाळ थांबून बदललेल्याचा. हेतु शेठ आणि लिओने मेलुझो यांनी २००८ मध्ये या डोंगराची रासायनिक थरमांडणी पुन्हा तपासली. त्यांच्या हातात फर्मरांना न मिळालेली साधने होती, पण डोंगर तोच आणि प्रश्नही जवळपास तोच.

भेगांचा प्रश्न मात्र विखुरलेलाच होता. प्रत्येक सर्वेक्षकाने आपापल्या पट्ट्यातल्या भित्ती लिहिल्या होत्या, त्या एकत्र मांडल्या जॉन बिकनेल ऑडेन यांनी १९४९ मध्ये. (कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे हे थोरले बंधू. त्यांचे बरेच आयुष्य भारतातल्या डोंगरांत गेले.) पश्चिम भारतातल्या भित्तींवरच्या त्यांच्या निबंधात दोन मोठे झुबके उठून दिसतात. एक नर्मदा-तापीच्या बाजूने पूर्व-पश्चिम, दुसरा कोकण किनाऱ्याला समांतर उत्तर-दक्षिण. भेग नेहमी ताणाला काटकोनात उघडते. म्हणजे भूपट्ट एकीकडे उत्तर-दक्षिण ताणला जात होता आणि दुसरीकडे पूर्व-पश्चिम. माझ्या मते या सगळ्या कागदपत्रांत ऑडेन यांचा निबंध सर्वांत महत्त्वाचा आहे. तोवर भित्त ही लाव्ह्याची वाट होती. ऑडेननंतर ती भूपट्टावर पडलेल्या ताणाची नोंद झाली.

या मांडणीला आकडे मिळाले ते २००७ मध्ये. रंजिनी राय, हेतु शेठ आणि ज्योतिरंजन मलिक यांनी नंदुरबार-धुळे भागातला झुबका मोजला. १४,५०० चौरस किलोमीटरच्या प्रदेशात एक किलोमीटरहून लांब २१० भित्ती, सर्वांत लांब ७९ किलोमीटरची, जाडी ३ मीटरपासून ६२ मीटरपर्यंत. जवळजवळ सगळ्या उभ्या, आणि त्यांची सरासरी दिशा जवळपास नेमकी पूर्व-पश्चिम. काही भित्ती खालच्या साठ्यातून सरळ वर आल्या असाव्यात, पण लांब भित्ती बाजूला आडव्या पसरल्या असल्या पाहिजेत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मोठ्या भित्तींनी हजार घन किलोमीटरांहून मोठे लाव्हाप्रवाह काही वर्षांतच ओतले असू शकतात, हेही त्यांनी दाखवले.

आडवे पसरणे हा तर्क ऐकताना कागदी वाटतो. पण त्याच सुमारास जगात तसे प्रत्यक्ष घडलेही. सप्टेंबर २००५ मध्ये इथिओपियाच्या अफार प्रदेशात जमिनीखाली सुमारे ६० किलोमीटर लांबीची भेग उघडली, शिलारस तिच्यात शिरला, आणि काही दिवसांत भूपट्टाचे दोन भाग कुठे कुठे ८ मीटरपर्यंत दूर सरकले. उपग्रहांनी ते टिपले. आइसलँडमधल्या लाकीच्या भेगेतून १७८३-८४ मध्ये आठ महिन्यांत साधारण १५ घन किलोमीटर लाव्हा आला, आणि त्यामुळे पडलेल्या दुष्काळात तिथली जवळपास पाचवा हिस्सा लोकसंख्या गेली. नंदुरबारच्या एका मोठ्या भित्तीचा प्रवाह याच्या साठपट किंवा त्याहून मोठा असू शकतो. हा आकडा समोर आला की सातपुड्याच्या पायथ्याची ती काळी रांग नजरेला वेगळी दिसू लागते.

बडोद्याच्या पूर्वेला, आज छोटा उदेपूर जिल्ह्यात आणि २०१३ पर्यंत बडोदे जिल्ह्यात असलेल्या अंबाडुंगरची साक्ष आणखी निराळी आहे. १९६३ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे आर. एन. सुखेश्वाला आणि अणुखनिज विभागाचे जी. आर. उदास यांनी जाहीर केले की तिथला चुनखडीसारखा दगड कार्बोनेटाइट आहे, म्हणजे कार्बोनेटचा शिलारस थिजून झालेला. भोवती बाघच्या सागरी थरांतला वाळूचा दगड आणि चुनखडी. खालून येणाऱ्या द्रवाने तो वाळूचा दगड घुमटासारखा वर ढकलला, आणि त्याचे थर कार्बोनेटाइटभोवती चहूकडे बाहेर कललेले राहिले. शिलारस भूकवचाला कसा वाकवतो हे इतके उघडे पाहायला क्वचितच मिळते. पुढे ज्योतिरंजन राय आणि कांचन पांडे यांनी त्याचे वय काढले, सुमारे ६ कोटी ५० लाख वर्षे. जवळच्या फेणाई मातेच्या डोंगराचे वयही तेवढेच निघाले. म्हणजे मुख्य उद्रेकाच्या काळातच. अंबाडुंगरच्या कार्बोनेटाइटच्या सोबतीला आलेल्या फ्लोराइटमुळे कडीपाणीला कारखाना उभा राहिला.

इथपर्यंतचे कागद जमिनीवर दिसणाऱ्या दगडांचे. खालचे वाचायला भूकंपलहरी लागल्या. १९८१ मध्ये के. एल. कैला आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतल्या सहकाऱ्यांनी मेहमदाबाद ते बिलीमोरा या रेषेवर सुरुंगांच्या लहरींनी घेतलेला कवचाचा छेद प्रसिद्ध केला. ही रेषा बडोद्याच्या पश्चिमेने, खंभातच्या खोऱ्यातून जाते. कवचाचा तळ तिथे सुमारे ३१ ते ३३ किलोमीटरवर निघाला, म्हणजे जुन्या द्वीपकल्पीय ढालीपेक्षा वर. पुढच्या अभ्यासांत या खोऱ्याखाली कवचाच्या तळाशी एक थर दिसला, ज्यातून लहरी सेकंदाला ७ किलोमीटरहून अधिक वेगाने जातात. बेसाल्ट पुरवणाऱ्या द्रवातून खाली बसलेल्या जड स्फटिकांना हा वेग शोभतो. पावागडच्या माथ्यावरून आपण ज्या साठ्याचे अनुमान केले, त्याचा गाळ बहुधा हाच. शिलारसाचा बराच भाग वर आलाच नाही, तो भूपट्टाला खालून चिकटला आणि तिथेच कवचाचा भाग झाला.

मग आधी काय झाले? खालून उष्ण प्रावरणाचा झोत येऊन त्याने भूपट्ट ताणला, की भूपट्ट आधीच ताणला जात होता आणि त्यामुळे खालचे प्रावरण वितळले? झोताच्या बाजूने पुरावा आहे. असीष बसू आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरनू इथल्या, मुख्य उद्रेकाच्या काही दशलक्ष वर्षे आधीच्या खडकांत खोल प्रावरणाकडे बोट दाखवणारे हेलियम दाखवले. १९९९ मध्ये केनेट आणि विदियांतोरो यांना वायव्य भारताखाली भूकंपलहरी मंद करणारा पट्टा दिसला. आणि हिंदी महासागरातली मालदीवपासून रियुनियन बेटापर्यंतची ज्वालामुखी रांगही झोताच्या वाटेसारखी दिसते.

पवईच्या आयआयटीतले शेठ यांनी मात्र गेली वीस-पंचवीस वर्षे याला ठाम हरकत घेतली आहे, आणि त्यांच्या हरकतीतला एक मुद्दा थेट ब्लॅनफर्डच्या कागदांकडे नेतो. झोताचे प्रचंड डोके खालून टेकले तर उद्रेकाआधी प्रदेश मोठ्या प्रमाणावर उचलला जायला हवा. पण नर्मदेच्या खोऱ्यात लाव्ह्याखाली काय आहे? बाघचे सागरी थर, म्हणजे इथे समुद्र आत आला होता. त्यांच्यावर लॅमेटाचे थर, ज्यांत बालासिनोरजवळ डायनासॉरची अंडी मिळाली. हा सखल, पाणथळ मुलूख होता, आणि त्यावर लाव्हा पसरला. एवढा उंच घुमट इथे उठला असता तर हे थर असे पातळ, पसरट टिकून राहिले नसते.

दोन्ही बाजू वाचून मला असे वाटते की बडोद्याच्या परिसरात तरी जुन्या शिवणी आधी होत्या. नर्मदेची खचदरी बाघच्या समुद्राला वाट देण्याइतकी जुनी होती, खंभातच्या पट्ट्याची दिशा द्वीपकल्पातल्या धारवाडी खडकांच्या दिशेशी जुळते, आणि शिलारसाने याच शिवणी निवडल्या. उष्णता झोतातून आली असेल. पण ती कुठे बाहेर पडायची हे भूपट्टाच्या जुन्या कमकुवत रेषांनी ठरवले. नंदुरबारच्या भित्तींची एकसारखी पूर्व-पश्चिम दिशा मला याच बाजूला नेते. झोताच्या डोक्याभोवती भेगा किरणांसारख्या पसरायला हव्यात. इथे त्या एका रेषेत उभ्या आहेत.

शिलारसाने भूपट्टावर केलेला परिणाम भेगांपाशीच संपला नाही. उद्रेकानंतर थोड्याच काळात सेशेल्स भारतापासून सुटले आणि मधे नवा समुद्रतळ तयार होऊ लागला. सेशेल्सच्या ग्रॅनाइटमध्ये दख्खनशी नाते सांगणाऱ्या बेसाल्टच्या भित्ती आजही आहेत. त्याच काळात भारतीय भूपट्टाचा वेग वर्षाला १५ सेंटिमीटरच्या पुढे गेला. समुद्रतळाच्या चुंबकीय पट्ट्यांवरून केंडी आणि स्टेगमन यांनी २०११ मध्ये दाखवले की भारत वेगाने सरकत असताना आफ्रिकेचा वेग मंदावला होता, आणि झोताचे डोके दोघांना विरुद्ध दिशांना ढकलत होते असा अर्थ त्यांनी लावला. त्याआधी, २००७ मध्ये, प्रकाश कुमार आणि सहकाऱ्यांनी भारतीय भूपट्ट केवळ १०० किलोमीटरच्या आसपास जाड असल्याचे मांडले होते. गोंडवन या जुन्या एकसंध खंडातल्या इतर तुकड्यांच्या मानाने तो फार पातळ आहे, आणि गोंडवन फोडणाऱ्या झोतानेच त्याचा खालचा भाग वितळवला असावा असे त्यांचे म्हणणे आहे.

आणि खंभातचा पट्टा खचला. ताणलेला, तापलेला भूपट्ट थंड होताना खाली बसत गेला. त्यात आधी ट्रॅपचाच झिजून आलेला राडा साचला, ज्याला तेलवाले ओल्पाड थर म्हणतात. त्यावर काळी शेल आली, आणि त्या शेलमध्ये तेल तयार झाले. खालची उष्णता इथे द्वीपकल्पाच्या इतर भागांपेक्षा जास्त आहे, हे १९७० मध्येच मोजले गेले होते. १९५८ मध्ये लुणेजला, १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. १९६५ मध्ये सुभानपुऱ्याच्या वायव्येला, काही किलोमीटरवर, कोयलीची रिफायनरी सुरू झाली, आणि तिथे येणारे पहिले तेल अंकलेश्वरचे होते.

बडोद्याच्या नैऋत्येला पादऱ्यात तर विहिरी शेल ओलांडून खालच्या ट्रॅपपर्यंत गेल्या, आणि तेल त्या काळ्या दगडातच मिळाले, त्याच्या झिजलेल्या माथ्यात आणि चिरांत. ब्लॅनफर्डने राजपीपळ्याच्या डोंगरात पाहिलेला दगड इथे गाळाखाली भेटतो, आणि आता त्याच्या भेगांची रुंदी, दिशा आणि खोली विहिरींच्या नोंदवह्यांत उतरत आहे.